टपावर दोन कयाक आणि पुढे दीडशे मैल : बांधायच्या कशा?

बर्फातला_बोका

मंडळी, मदत हवी आहे.

मिनेसोटात येऊन सात वर्षं झाली. इथे गाडीच्या नंबरप्लेटवरसुद्धा ‘१०,००० तळी’ छापलेलं असतं आणि आम्ही सात वर्षं त्या तळ्यांच्या काठावर चटई टाकून भडंग खातोय. यंदा बायकोने जाहीर केलं, एकतर पाण्यात उतरायचं, नाहीतर तळ्यांचं नाव काढायचं नाही. म्हणून शेजारच्या गावातल्या एका आजोबांकडून दोन जुन्या कयाक (वल्ह्याने चालवायच्या अरुंद होड्या) उचलल्या. दहा-दहा फुटी, जाड प्लॅस्टिकच्या, एकेक ४५ पौंडांची.

घरी आणतानाच फजिती झाली. टपावर गोधडी अंथरली, त्यावर दोन्ही कयाक शेजारी शेजारी ठेवल्या आणि कपडे वाळत घालायची दोरी चारी खिडक्यांतून आरपार घेऊन बांधली. (त्यामुळे दारंही बांधली गेली आणि आम्ही दोघं खिडकीतून आत शिरलो. हसू नका.) ताशी चाळीस मैलांवर टपावरून असा घूंऽऽ आवाज सुरू झाला की जणू कुणी तंबोरा जुळवतंय. समोरच्या काचेतून दिसणारी दोन नाकं मारक्या बैलासारखी डावी-उजवी झुलायला लागली. बायको उरलेले चार मैल खिडकीतून हात बाहेर काढून दोरी धरून बसली होती.

आता जुलैत ड्युलुथला जायचं आहे, आय-३५ ने साधारण १५० मैल. तिथून पुढे विस्कॉन्सिनमध्ये मायर्स बीचला, सुपीरिअर तळ्याच्या काठच्या त्या लाल दगडातल्या गुहा बघायला. गाडी छोटी एसयूव्ही. टपावर लांबीच्या दिशेने रेल्स आहेत, आडवं काही नाही. आडवे बार घ्यावेच लागतील का? गॅरेजमध्ये रॅचेटचे (खटक्याने आवळायचे) पट्टे पडलेत, ते चालतील का? आणि लोक पुढे बॉनेटला जी दोरी बांधतात ती खरंच लागते की दिखाऊपणा?

दांडपट्टा

आधी वहिनींना दंडवत. पण हाताने धरलेल्या दोरीचा उपयोग मनाच्या समाधानापुरताच. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ५५ मैलांऐवजी ७० ने गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो, आणि हात तोच राहतो.

खरेदीला जायच्या आधी गाडीचं मॅन्युअल काढा आणि टपावर किती वजन चालतं ते बघा. माझ्या गाडीला १६५ पौंड आहे, म्हणजे ७५ किलो. काही गाड्यांना जेमतेम १०० पौंड असतं. हा आकडा चालत्या गाडीचा. टपावर तंबू टाकून लोक झोपतात तो उभ्या गाडीचा हिशोब, त्यावर जाऊ नका. आणि या १६५ मध्ये बार आणि स्टँडचं वजनही आलं, हे बरेच जण विसरतात. तुमचं गणित असं: दोन कयाक ९०, स्टँडची जोडी धरा २०, बार १५. झाले १२५. बसतंय. पण उद्या कुणी मासेमारीच्या ८० पौंडी कयाक स्वस्तात देऊ केल्या तर दोन नेता येणार नाहीत. १६० तिथेच झाले.

आडवे बार हवेतच. रेल्सवर थेट काही ठेवायचं नसतं. दोन बारांत किमान २४ इंच अंतर ठेवा. रेल परवानगी देईल तितकं जास्त ठेवलंत तर उत्तम, नाक तेवढं कमी झुलेल. आणि दोन्ही कयाक आडव्या झोपवून बसणार नाहीत. एकेक २९ इंच रुंद धरली तरी ५८ झाले, बार असतो पन्नासेक इंचांचा. म्हणून इंग्रजी ‘J’ अक्षराच्या आकाराचे स्टँड मिळतात ते घ्या, त्यात कयाक कुशीवर उभी राहते.

मुळशीचा_पाणकावळा

आमच्याकडची गंमत सांगतो. पुण्यात गाडी घेताना सेल्समनने रेल्सवर थाप मारून दाखवली होती, ‘सर, स्पोर्टी लुक.’ पुढे बार बसवायला गेलो तेव्हा कळलं, रेल्स निव्वळ शोभेच्या! खाली पत्र्याला क्लिपा आणि चिकटपट्टी. त्यांना ओढलं असतं तर रेल आणि कयाक दोघंही लग्नाच्या वरातीसारखे एकत्र निघाले असते. तेव्हा इथल्या मंडळींनी रेल ‘फंक्शनल’ (खरंच वजन घेणारी) आहे ना हे मॅन्युअलात बघितल्याशिवाय त्यावर रुमालही वाळत घालू नये.

मी शेवटी सॉफ्ट रॅक घेतला. म्हणजे टपावर दोन लांब उशा, आणि त्यांचे पट्टे दाराच्या फटीतून गाडीच्या आतून जातात. (आतून, दारं उघडी असताना. बोकेराव, खिडकीतून नव्हे.) उन्हाळ्यात छान चालतं. जूनमध्ये ताम्हिणीच्या अलीकडे पाऊस लागला आणि पट्ट्यावरून पाणी झिरपत थेट मांडीवर. पट्टा म्हणजे वातच झाली, बाहेरचं पाणी आत ओढून आणणारी. आता पावसाळ्यात दाराच्या बाहेर पट्ट्याला एक गाठ मारतो, पाणी गाठीवरून खाली ठिबकतं. बरंचसं.

दुसरं, कायदा. २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यात गाडीच्या बॉडीबाहेर परवानगीपेक्षा जास्त सामान काढलं तर २०,००० रुपये दंड आहे, शिवाय ते उतरवायचा खर्च आपला. म्हणून मी हौस असूनही १४ फुटी घेतली नाही. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या चार मीटरच्या आतल्या. दहा फुटी कयाक तीन मीटर आणि वर पाच सेंटिमीटर, मधोमध ठेवली की पुढे-मागे काही डोकावत नाही. तरी एकदा हवालदारसाहेबांनी थांबवलंच. खालून वर दोनदा बघितलं आणि विचारलं, “बाथटब कुठं चालवलाय?”

गाठीभेटी

बारा वर्षं न्यू जर्सीत समुद्री कयाक चालवतेय, त्यामुळे जरा लांबण लावते.

रॅचेट घरीच ठेवा. ट्रकवर लाकूड, फ्रिज, मोटरसायकल बांधायला ठीक. त्या खटक्याची ताकद हाताला कळत नाही. कट-कट-कट करत माणूस दोन खटके जास्तच मारतो आणि प्लॅस्टिकच्या बुडाला खळगा पडतो. फायबरची असेल तर सरळ तडकते. कॅम बकलचे पट्टे घ्या (हाताने ओढायचे, बकलचे दात पट्टा धरून ठेवतात), बारा किंवा पंधरा फुटी. बकलला पाठीमागे कापडी गादी असलेले घ्या, कारण पट्टा पलीकडे फेकला की बकल हमखास काचेवर किंवा रंगावर आपटतं.

आता पट्टा कसा जातो ते नीट वाचा. निम्म्या चुका इथेच होतात. बकल कयाकच्या अंगावर, आपल्या छातीच्या उंचीला येईल असं धरा. दुसरं टोक कयाकवरून पलीकडे फेका. पलीकडे जाऊन ते बारच्या खालून घ्या, रेलच्या नव्हे. पुन्हा कयाकवरून अलीकडे. अलीकडच्या बारच्या खालून वर आणि मग बकलमध्ये. पट्टा स्टँड आणि कयाकच्या मधून गेला पाहिजे. बारच्या उघड्या टोकाकडून घेतलात तर घसरून बाहेर पडेल. बकलमध्ये टोक मागच्या बाजूने घालायचं, म्हणजे दात पट्ट्यावर चावतात. उलटं घातलंत तर ओढताना घट्ट वाटतं आणि पहिल्या खड्ड्यात सुटतं. घट्ट किती? एका हाताने, नुसत्या मनगटाने ओढता येईल तितकं. पाय टपाला टेकवून ओढायचं नाही.

तुमचा तंबोरा थांबवायचा तर पट्टा वरून नेताना त्याला एक-दोन पीळ द्या. सपाट ताणलेला पट्टा वाऱ्यात थरथरतो म्हणून गातो. पीळ पडला की गप्प. उरलेलं शेपूट बारलाच गुंडाळून बांधून टाका. लोंबतं ठेवलंत तर ७० मैलांवर ते टपाला चाबकासारखं फटके मारतं, आणि आतल्याला वाटतं गाडीचं काहीतरी तुटलं.

झालं की कयाकचं नाक धरून गदागदा हलवा. कयाक हलली तर पुन्हा बांधा. गाडी हलली तर निघा.

खाडीकाठचा

आम्ही तारकर्लीकडचे. पर्यटकांसाठी सहा कयाक पिकअपमधून रोज सकाळ-संध्याकाळ हलवतो, रॅक-बिक काय नाय. पण दोरीबद्दल सांगतो. नायलॉनची दोरी भिजली की लांबते. सकाळी कडक बांधलेली, पावसाची एक सर आली की ढिली. जुन्या तंबूंच्या सुती दोऱ्यांचं उलट, त्या पावसात आवळायच्या. म्हणून नायलॉन असेल तर सर गेल्यावर थांबून पुन्हा ओढा. पॉलिएस्टर त्यातल्या त्यात बरी.

आणि गाठ म्हणजे आमचे टेम्पोवाले मारतात ती. दोरीच्या मध्यावर एक फासा करायचा, टोक खालच्या कडीतून ओवून परत त्या फाशातून खाली ओढायचं. कप्पीसारखं काम करते, एका माणसाच्या जोरात दोघांचं आवळतं. शेवटी सुरगाठ मारा. निरगाठ मारलीत तर उतरवताना दात वापरावे लागतात.

दांडपट्टा

ही गाठ जगभर ट्रकवाल्यांचीच. आमच्या मामांकडे कडब्याची गाडी भरली की वरून सोल (जाड दोर) टाकून मधे दांडकं घालायचे आणि पीळ देत जायचे. मामा सातव्या पिळाला म्हणायचे “बास”, आणि मी हट्टाने आठवा दिला की दांडकं उलटं फिरून माझ्याच कोपराला. रॅचेट म्हणजे तेच दांडकं, फक्त उलटं फिरत नाही.

उगाच_एक_शंका

पुढच्या-मागच्या दोऱ्यांबद्दल माझं मत वेगळं आहे. दहा फुटी कयाकला त्या लागत नाहीत. दोन बार, चार पट्टे, चांगले स्टँड, बास. समुद्री सोळा-सतरा फुटी असेल तर गोष्ट वेगळी, नाक पार बॉनेटच्या पुढे जातं आणि वारा त्याला उचलतो. छोट्या कयाकला दोरी बांधून उलट धोका वाढतो. दोरी सुटली आणि पुढच्या चाकाखाली गेली तर चाक ती गुंडाळून घेतं आणि कयाक नाकातून खाली खेचली जाते. असं मोडलेलं नाक मी पाहिलेलं आहे.

गाठीभेटी

चाकाचा धोका खरा आहे, नाकारत नाही. पण माझी गोष्ट ऐका.

कयाकिंगच्या दुसऱ्या वर्षी एका दुकानातून बार बसवून घेतले, तिथल्या मुलाने ‘ऑल सेट’ म्हणून थम्सअप दिला. दोन तासांनी हायवेवर एक अजस्र ट्रक बाजूने गेला, त्याचा झोत आला आणि ‘टक्’ असा एकच आवाज. पुढच्या बारचा एका बाजूचा पंजा रेलवरून निसटला होता. पट्टे? चारही जागच्या जागी, कडक. कयाक बारला अगदी घट्ट बांधलेली होती, बारच गाडीला बांधलेला नव्हता! पुढची दोरी होती म्हणून सगळं लटांबर टपावर वाकडं होऊन राहिलं आणि मला बाजूला घेता आलं. नसती तर माझ्या मागे एक छोटी गाडी होती, मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची दिसत होती.

लोक पट्ट्याची ताकद विचारत बसतात. हजार-हजार पौंडांचे पट्टे कधी तुटत नाहीत, निसटतो तो बार. पुढची-मागची दोरी रॅकवर विसंबत नाही, ती थेट गाडीला जाते. तिचं काम तेवढंच. तेव्हापासून बारचे बोल्ट दर फेरीआधी मी स्वतः पिळते. दोन मिनिटांचं काम.

दोरी बांधायची तर बंपरच्या प्लॅस्टिकला किंवा जाळीला नको. बॉनेट उघडा, आत बाजूच्या पत्र्याचे बोल्ट दिसतील. तिथे भोक असलेली कापडी पट्टी अडकवून मिळते, तिचा फासा बॉनेटच्या फटीतून बाहेर काढायचा, काम झालं की पुन्हा आत. मागे टोइंगची कडी असतेच. दोरीचं दुसरं टोक कयाकच्या जुन्या रबरी मुठीला बांधू नका. उन्हाने सडलेलं रबर आणि बिस्किट यात फार फरक नसतो. आणि शंकासाहेब, चाकाच्या भीतीवर उपाय म्हणजे उरलेलं टोक लोंबतं न सोडणं. दोरी फक्त लोंबणार नाही इतकीच ताणा. करकचून ओढलीत तर प्लॅस्टिकची कयाक उन्हात केळ्यासारखी वाकते.

उगाच_एक_शंका

बार निसटण्याचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. हायवेसाठी मान्य. घरापासून तीन मैलांवरच्या तळ्याला जाताना मात्र मी बांधणार नाही.

गाठीभेटी

तीन मैलांना मीही कंटाळा करते. 🙂

तिसरा_मजला

सगळे वाऱ्याचं बोलतायत, मी छताचं बोलतो. दिवसभर वल्ही मारून दमून घरी आलो, रोजच्या सवयीने रिमोटचं बटण दाबलं, गॅरेजचं दार वर गेलं आणि मी आत. कयाक बाहेरच राहिली. दाराचं वरचं पॅनेल, एक बार आणि बायकोचा चार दिवसांचा अबोला. तेव्हापासून कयाक वर असेल तर रिमोट डिकीत टाकतो. मॉलच्या पार्किंगमध्ये निदान साखळीला टांगलेला पाइप तरी टपाला लागून सांगतो, घरी कोण सांगणार?

बर्फातला_बोका

सगळ्यांचे आभार. बार आणि ‘J’ स्टँड मागवले. एक अडचण उरलीच. बायकोचा खांदा दुखतोय, म्हणजे चढवायचं मला एकट्याला.

दांडपट्टा

न्हाणीघरातलं रबरी पायपुसणं घ्या. गाडीच्या मागच्या कडेवर रबराची बाजू खाली करून टाका. कयाकचं नाक त्यावर टेकवा, मग मागे जाऊन शेपटी उचला आणि पुढे ढकला. एका वेळी निम्मंच वजन उचलावं लागतं. मागचा वायपर आणि स्पॉइलर सांभाळा. ‘J’ स्टँडमध्ये शेवटचं वळवून बसवायला मात्र छोटी घडीची शिडी लागेल, टायरवर चढून कसरत करू नका.

गाठीभेटी

बोकेराव, बांधायचं सगळं झालं, पण एक गोष्ट कुणीच बोललं नाही. दहा फुटी, उघड्या बैठकीच्या कयाक घेऊन सुपीरिअरवर जाऊ नका. ते तळं नावालाच. जूनमध्येसुद्धा पाणी हाडं गोठवणारं असतं आणि लाट उठायला वेळ लागत नाही. त्या गुहांपाशी तर कड्यावर आपटून परत आलेली लाट दुसऱ्या बाजूने येते. तिथल्या राष्ट्रीय उद्यानाचाच सल्ला आहे की किमान १६ फुटी समुद्री कयाक आणि कमरेभोवतीचा स्कर्ट (बैठकीचं तोंड झाकून पाणी आत येऊ न देणारा) हवा. टपावर सुखरूप नेलेली होडी पाण्यात उलटायला नको.

बर्फातला_बोका

हे कुणी सांगितलं नसतं तर आम्ही गेलोच असतो. बायकोला वाचून दाखवलं. ठरलं असं की गुहा बघायला तिथल्या गाइडबरोबर, त्यांच्या कयाकमधून जायचं. आपल्या दोन्ही घेऊन आधी सेंट क्रॉय नदीवर. टेलर्स फॉल्सपासून ओसिओलापर्यंत सहा-सात मैल प्रवाहाबरोबर, इथून तासाभराची गाडी.

मुळशीचा_पाणकावळा

फोटो हवेत. खिडकीतून शिरतानाचेही चालतील.

बर्फातला_बोका

जाऊन आलो. वृत्तांत.

चढवायला पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं लागली, परत येताना पंधरा. पायपुसण्याची युक्ती म्हणजे चमत्कार आहे. बोल्ट पिळले, पट्ट्यांना पीळ दिले, नाक हलवलं तर गाडी हलली. निघाल्यावर बारा मिनिटांनी पेट्रोलपंपावर थांबून पुन्हा तपासलं. डाव्या कयाकचा पुढचा पट्टा दोन बोटं सैल! घरी तो गच्च होता, मी शपथेवर सांगतो. स्टँडवरची गादी दबली असावी. तो ओढल्यावर परत येईपर्यंत काही हललं नाही. ६० च्या वर गेलो नाही, आवाज शून्य. समोरच्या काचेतून पुढच्या दोऱ्या दिसत होत्या ते एक बरं झालं, सैल पडल्या असत्या तर तिथेच कळलं असतं.

नदीवर एक गरुड आणि असंख्य कासवं. बाहेर पडताना काठावरच्या पाटीप्रमाणे बूच काढून सगळं पाणी ओतलं, शेवाळ पुसलं. झेब्रा शिंपले एका तळ्यातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून इथे बूच लावून होडी रस्त्यावर नेणंच बेकायदा आहे. आणि दहा फुटांपर्यंतच्या बिनमोटरच्या होडीची राज्यात नोंदणी लागत नाही हेही तिथेच कळलं. आजोबांनी बरोबर मापाच्या विकल्या.

घरी आल्यावर गॅरेजच्या बटणाकडे बोट गेलंच होतं. बायकोने मनगट धरलं.

एकच प्रश्न. सकाळी बघितलं तर उजव्या कयाकच्या बुडाला पट्ट्याखाली बशीएवढा खळगा. मनगटानेच ओढलं होतं हो!

गाठीभेटी

उन्हात गाडी उभी होती ना जेवणाच्या वेळी? तापलेलं प्लॅस्टिक तेवढ्यानेही बसतं. घाबरू नका. पट्टे काढून बूड वर करून दिवसभर उन्हात ठेवा, आपसूक भरून येईल. पुढच्या वेळी थांबलात की पट्टे जरा सैल करून ठेवा आणि निघताना पुन्हा ओढा. पुन्हा ओढायचं विसरू नका म्हणजे झालं.

बर्फातला_बोका

दुपारी तीनपर्यंत खळगा गायब. आता त्या तापलेल्या बुडावर शेजारच्यांचं मांजर झोपलंय, उठायला तयार नाही.